नांवांतील थोरलीं-धाकटीं अक्षरें

गेल्या पावसाळ्यांत आमच्या शाळेच्या संगणककक्षांत एक लहानसा प्रसंग घडला. इयत्ता नववींतील एक विद्यार्थी, दर्यापूरकडील एका कास्तकाराचा मुलगा, पायथॉन भाषेंत आपली पहिलीच आज्ञावली लिहीत होता. घरच्या कापसाचे पांच वेचे, प्रत्येक वेच्याचें वजन, त्यांची बेरीज आणि सरासरी; एवढेंच काम. 'वजन' हें नांव रोमन लिपींत लिहितांना त्यानें पहिल्या ओळींत आद्याक्षर मोठें घातलें, आणि चार ओळींखालीं तेंच नांव लहान अक्षरानें आरंभिलें. यंत्रानें तत्काळ कळविलें कीं, ह्या नांवाचें येथें कोणी नाहीं. इंग्रजी 'व्ही' ह्या अक्षराच्या मोठ्या व लहान रूपांत आकाराचा भेद मुळींच नाहीं, केवळ उंचीचा आहे. त्यामुळें अर्धा तास पडद्याकडे डोळे लावूनही मुलास आपली चूक दिसेना. शेवटीं तो आमच्याकडे आला आणि म्हणाला, "सर, नाव त तेच आहे नं?"

ह्या प्रश्नाचें पुस्तकी उत्तर सोपें आहे, आणि तें आम्हीं दिलेंही. पायथॉन, सी, जावा इत्यादि भाषांत मोठ्या अक्षराचें नांव निराळें व लहान अक्षराचें निराळें, असें त्यास सांगितलें. त्यानें मान डोलावली, एक अक्षर बदललें, बेरीज बरोबर आली. परंतु जागेवर परत जातांना त्याच्या मुद्रेवर 'समजलें' असा भाव नव्हता. 'हें आपलें काम नव्हे' असा होता. तो भाव आमच्या मनांतून गेला नाहीं.

त्याच दिवशीं मधल्या सुटींत शिक्षकांच्या खोलींत ह्या गोष्टीवर चहा थंड होईपर्यंत वाद झाला. एका पक्षाचें म्हणणें असें कीं, अक्षराअक्षराची दक्षता हेंच ह्या विद्येचें पहिलें शिक्षण. जो आज मोठें-लहान अक्षर सांभाळणार नाहीं, तो उद्यां दशांशचिन्हही सांभाळणार नाहीं. दुसरा पक्ष म्हणे कीं, माणसास जें नांव एक वाटतें तें यंत्रानेंही एकच मानावें. यंत्र माणसासाठीं आहे. आम्ही त्या दिवशीं पहिल्या पक्षाचे होतों. आज आम्ही पुरते दुसऱ्याही पक्षाचे नाहीं, परंतु पहिल्याचे खास नाहीं. हा पालट कसा झाला तें विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस सांगावें म्हणून हा लेख.

आरंभींच एक अडचण वाचकांच्या लक्षांत आली असेल. वरील दोन नांवें आम्ही येथें देवनागरींत छापूं गेलों, तर 'वजन' आणि 'वजन' अशींच छापलीं जातात. भेद दाखवावयास आमच्या लिपींत साधनच नाहीं. त्या मुलाची अडचण जी, तीच ह्या लेखाची.

हा भेद आला कोठून? रोमन लोकांचे शिलालेख पाहावे, तर ते सर्व मोठ्या अक्षरांत कोरलेले. लहान अक्षरें पुढें युरोपांतील लेखकांच्या बोरूंतून घडत गेलीं, आणि दोन्ही वळणें एकाच ओळींत नांदूं लागलीं तीं त्याहूनही मागाहून. छापखाने निघाल्यावर खिळे जुळविणारा कारागीर मोठ्या अक्षरांचें खण पाडलेलें तबक वर मांडी व लहान अक्षरांचें खालीं. त्यावरून इंग्रजींत ह्या दोन जातींस 'वरच्या तबकाचीं' व 'खालच्या तबकाचीं' अशीं नांवें पडलीं, आणि तींच आज संगणकशास्त्रांत चालतात. आमच्या देवनागरी छपाईंत तबकें ह्याहून अधिक लागत, कारण जोडाक्षरांचे व मात्रांचे खिळे पुष्कळ. परंतु त्यांत थोरल्या 'क' चें तबक व धाकट्या 'क' चें तबक असा प्रकार कधींच नव्हता.

संगणकांच्या बाल्यावस्थेंत हा तंटाच नव्हता. आय्. बी. एम्. कंपनींत जॉन बॅकस व त्यांचे सहकारी ह्यांनीं १९५७ सालीं फोरट्रान ही भाषा सिद्ध केली, तेव्हां आज्ञावली पुठ्ठ्याच्या पत्त्यांना भोंकें पाडून लिहीत, आणि त्या यंत्रांस मोठीं अक्षरेंच काय तीं ठाऊक होतीं. अक्षरांस क्रमांक देण्याची 'आस्की' नामक प्रमाणपद्धति अमेरिकेंत १९६३ सालीं ठरली, तींतही लहान अक्षरांस प्रथम जागा दिलेली नव्हती. ती १९६७ च्या सुधारणेंत मिळाली. मोठ्या 'ए' चा क्रमांक ६५, लहान 'ए' चा ९७. पुढील प्रत्येक जोडींतही अंतर बरोबर ३२. विद्यार्थ्यांनीं हें नीट ध्यानांत घ्यावें, कारण सर्व भांडणाचें मूळ येथें आहे. आपणांस मोठा 'ए' व लहान 'ए' हे एकाच घरचे वाटतात. यंत्राच्या लेखीं एक ६५ क्रमांकाच्या घरांत राहतो, दुसरा ९७ क्रमांकाच्या. त्यांचें नातें कोणी शिकविल्यावांचून त्यास कळत नाहीं.

बेल प्रयोगशाळेंत डेनिस रिची ह्यांनीं १९७२ च्या सुमारास 'सी' भाषा रचली, तेव्हां हें नातें त्यांनीं यंत्रास शिकविलें नाहीं. जें भिन्न क्रमांकाचें तें भिन्न, असा सरळ हिशेब. पुढें जावा आली, पायथॉन आली. बहुतेकींनीं तीच वाट धरली. उलटपक्षीं झुरिच येथील निक्लाउस विर्ट ह्यांनीं १९७० सालीं प्रसिद्ध केलेली पास्कल भाषा मोठें-लहान असा भेद मानीत नसे. गंमत अशी कीं, त्याच विर्ट ह्यांनीं पुढें मोड्युला-२ रचली, आणि तींत तो भेद कडकपणें पाळला. एकाच विद्वानानें दोन घरीं दोन कुळाचार केले, तेव्हां ह्या बाबतींत शास्त्राचा शेवटचा शब्द कोणता असें विचारणें व्यर्थ आहे. अमेरिकन संरक्षण खात्यासाठीं घडविलेली व १९८३ सालीं प्रमाणित झालेली 'एडा' भाषा हा भेद मानीत नाहीं. तरी विमानांतील महत्त्वाच्या यंत्रणा तिच्यावर चालतात. सबब भेद न मानणारी भाषा म्हणजे ढिलाईची भाषा, हा पहिल्या पक्षाचा आक्षेप टिकत नाहीं. त्या दिवशीं चहाच्या वेळीं हें आमच्या ध्यानांत असतें, तर आम्ही इतक्या जोरानें बोललों नसतों.

आतां आमच्या घरची गोष्ट. मराठी मुलास इंग्रजी शिकतांना एकाच अक्षराचीं चार रूपें गिरवावीं लागत: छापील मोठें, छापील लहान, हातवळणाचें मोठें व हातवळणाचें लहान. आमच्या वडिलांच्या पिढींत ह्यांस 'पहिली लिपी', 'दुसरी लिपी' असें म्हणत, आणि तें म्हणणें अगदीं यथार्थ होतें. मुलाच्या दृष्टीनें त्या निराळ्या लिप्याच होत्या. एकाच अक्षराच्या त्या दोन अवस्था आहेत ही जाणीव पुष्कळ उशिरां येते. इंग्रजी माणूस 'मी' हा शब्द मोठ्या अक्षरानें लिहितो, ईश्वराचें नांव मोठ्या अक्षरानें लिहितो, गांवाचें व मनुष्याचें नांवही तसेंच. आम्ही आदर अक्षराच्या उंचीनें दाखवीत नाहीं. अनेकवचनानें दाखवितों, 'राव' व 'पंत' लावून दाखवितों. (ह्या लेखांत आम्ही स्वतःस 'आम्ही' म्हणत आहों, तें मात्र आदरार्थी नव्हे, ती संपादकी खोड आहे.)

मग आमच्या लिपींत असा सूक्ष्म भेद मुळींच नाहीं काय? आहे, आणि त्यानें किती पिढ्यांच्या पाठीवर वळ उठविले तें पालकवर्गास सांगावयास नको. 'दिन' म्हणजे दिवस, 'दीन' म्हणजे गरीब. 'कुल' म्हणजे घराणें, 'कूल' म्हणजे नदीचा कांठ. 'सुत' म्हणजे मुलगा आणि 'सूत' म्हणजे ज्याच्यावर आमच्या कापसाच्या मुलखाचें पोट चालतें तें. ह्रस्व-दीर्घ हेंच आमचें थोरलें-धाकटें. परंतु पाहा कीं, ह्या दोन शब्दांस विभक्तिप्रत्यय लावला म्हणजे काय होतें: 'सुताचें मोल' म्हटलें, तर मुलाचें कीं धाग्याचें हें अक्षरांवरून सांगतां येत नाहीं. भेद तेथें बुजला. तरी अमरावतीच्या बाजारांत आजवर सूत मागणाऱ्यास कोणीं मुलगा दिला नाहीं. वाक्यांतील शेजारचे शब्द अर्थ सांभाळतात.

जुन्या घरांच्या माळ्यावर मोडी कागदांचीं दप्तरें अजून निघतात. मोडींत ह्रस्व इकार व दीर्घ ईकार ह्यांत सहसा भेद करीत नसत, उकाराचेंही तसेंच. संगणकाच्या परिभाषेंत बोलावयाचें, तर मोडी ही पास्कलच्या वळणाची आणि बाळबोध ही सीच्या वळणाची. कित्येक शतकें हिशेब, करार, वतनें, तंटे ह्याच सैल लिपींत लिहिले गेले. तेव्हां, लेखन सैल म्हणजे व्यवहार सैल, असें म्हणतां येत नाहीं. वाचणारा सावध असला म्हणजे झालें.

हीच गोष्ट आमच्या शहराच्या नांवाची. इंग्रजी अंमलांतील कागदांत अमरावतीचें रोमन नांव दीर्घकाळ अशा रीतीनें लिहीत कीं त्यांत 'व्ही' हें अक्षरच नसे. त्याच्या जागीं 'ओ' असे. मुंबईच्या व लिव्हरपूलच्या बाजारांत वऱ्हाडी कापसास 'ऊमरा' म्हणत, तें ह्याच गांवाच्या नांवाचें विलायती जिभेनें चघळलेलें रूप. मूर्तिजापूरचीं तर मराठींतच तीन-चार लेखनें आढळतात. एवढ्यानें कापसाची गाठ भलत्या बंदरास गेली नाहीं, कारण वाटेंत प्रत्येक टप्प्यावर ती वाचणारा माणूस होता.

यंत्र हा असा वाचणारा नव्हे, आणि येथें पहिल्या पक्षाचें बळ आहे, तें आम्ही लपवीत नाहीं. पदार्थविज्ञानाचें पुस्तक उघडा. मोठा 'जी' हा विश्वगुरुत्वाकर्षणाचा स्थिरांक, लहान 'जी' हें गुरुत्वत्वरण. दोन्ही एकाच समीकरणांत शेजारीं शेजारीं बसतात. रसायनशास्त्रांत मोठा 'सी' व त्यापुढें लहान 'ओ' म्हणजे कोबाल्ट हा धातु. दोन्ही मोठीं केलींत तर कार्बन मोनॉक्साइड, बंद खोलींत शेगडी पेटवून निजणाऱ्याचा प्राण घेणारा वायु. मापनांत लहान 'एम्' हा उपसर्ग सहस्रांश दाखवितो व मोठा 'एम्' दशलक्षपट. म्हणजे एका अक्षराच्या उंचीनें एक अब्ज पटींचें अंतर पडतें. भूमितींत कोनबिंदूस मोठें अक्षर आणि समोरील बाजूस तेंच लहान अक्षर देण्याची चाल तर फार सुंदर आहे. कोण कोणासमोर आहे तें न सांगतां कळतें.

हीं उदाहरणें आम्ही मनापासून मान्य करतों. परंतु तीं सर्व चिन्हांचीं आहेत, नांवांचीं नव्हेत. चिन्ह एका अक्षराचें असतें, तें ठरलेल्या कोष्टकांत बसलेलें असतें, व जगांतील सर्व शाळांत एकच असतें. नांव हें लिहिणाऱ्यानें त्या क्षणीं आपल्या गरजेपुरतें ठेविलेलें असतें. तें दुसऱ्यास वाचून दाखवावें लागतें, चर्चेंत उच्चारावें लागतें, शेजारच्या मुलास हांक मारून सांगावें लागतें. म्हणून आमची कसोटी कानाची आहे. जीं दोन नांवें मोठ्यानें वाचलीं असतां कानास एकच लागतात, त्यांत केवळ डोळ्यांच्या भरंवशावर भेद करूं नये. आणि जो भेद डोळ्यांसही दिसत नाहीं, त्याविषयीं काय बोलावें?

असा भेद असूं शकतो काय, असें वाचक विचारतील. तो आमच्या प्रांताच्या नांवांतच आहे.

झालें असें कीं, त्याच मुलास उत्तेजन यावें म्हणून आम्हीं सांगितलें कीं, पायथॉनच्या तिसऱ्या आवृत्तीपासून, म्हणजे २००८ सालापासून, चलांस देवनागरी नांवें देतां येतात. तूं मराठींत लिहून पाहा. तो आनंदला. 'वजन', 'बेरीज', 'सरासरी' अशा नांवांची आज्ञावली त्यानें दुसऱ्या दिवशीं लिहून आणली, आणि ती पहिल्या फटक्यास चालली. मग त्याच्या मित्रानें आपल्या घरच्या संगणकावर 'वऱ्हाड' ह्या नांवाचें एक चल लिहून आणलें, आणि यंत्र अडून बसलें. त्यानेंच शाळेच्या संगणकावर तोच शब्द पुन्हां टंकित केला, तेव्हां चाललें. पडद्यावर दोन्ही 'वऱ्हाड' एकमेकांच्या शेजारीं ठेविलीं. केसाइतकाही फरक दिसेना.

कारण असें. 'वऱ्हाड', 'तऱ्हा', 'दुसऱ्या' ह्या शब्दांत जो पापणीसारखा अर्धा र येतो, तो हिंदीस ठाऊक नाहीं. मराठीस त्यावांचून चालत नाहीं. सर्व लिप्यांच्या अक्षरांस क्रमांक देणाऱ्या युनिकोड पद्धतींत तो दोन रीतींनीं लिहितां येतो. एक, नुक्ता असलेल्या 'ऱ' ला हलन्त करून. दुसरी, साध्या 'र' ला हलन्त करून त्यापुढें न दिसणारें एक जोडचिन्ह घालून. पहिली रीति मूळ भारतीय संकेतप्रणालीस धरून आहे व दुसरी युनिकोडच्या एका जुन्या आवृत्तीशीं मेळ राखण्यासाठीं ठेवलेली आहे. कागदावर दोन्हींचा ठसा एकच. यंत्राच्या पोटांत मात्र आंकडे निराळे, आणि हे दोन समान आहेत असें युनिकोडचा समीकरणाचा नियमही म्हणत नाहीं. पायथॉन पहिलें वऱ्हाड पत्करतें व दुसऱ्यांतील अदृश्य चिन्हास आक्षेप घेतें. जावास्क्रिप्ट दोन्ही पत्करतें, आणि त्यांस दोन भिन्न नांवें मानतें! आक्षेप घेणारी भाषा त्यांतल्या त्यांत बरी म्हणावी लागेल. जी निमूटपणें दोन वऱ्हाडें करून ठेवते, तिच्यांत बिघाड शोधतां शोधतां रात्र सरेल.

उलट गंमतही आहे. मराठी वळणाचा 'ल' व हिंदी वळणाचा 'ल' डोळ्यांस किती निराळे दिसतात! यंत्राच्या लेखीं ते एकच अक्षर. फरक केवळ टंकाच्या नक्षीचा. म्हणजे दिसतें निराळें तें एक, आणि दिसतें एक तें निराळें. 'ॲ' ह्या अक्षरास स्वतंत्र क्रमांक २००८ सालीं मिळाला. तत्पूर्वीं 'अ' वर चंद्र चढवून तें लिहीत, आणि अजून कित्येक कळफलक तसेंच लिहितात. ह्या दोहोंचाही मेळ आपोआप बसत नाहीं. ह्या मराठी विभागांत जुनी अनुस्वारयुक्त लेखनपद्धति मुद्दाम राखली आहे, हें नेहमींच्या वाचकांस ठाऊक आहेच. १९६२ च्या नियमांनीं हे अनुस्वार व्यवहारांतून गेले. त्यामुळें कोणी विद्यार्थी नव्या पद्धतीनें शब्द देऊन आमच्या जुन्या अंकांत शोध घेईल, तर त्यास यंत्र रिकाम्या हातानें परत पाठवील. मास्तर मात्र दोन्ही वाचतात.

थोरल्या-धाकट्या अक्षरांनीं झालेली फजितीची एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण ती आमचीच आहे. अकोल्यास शाळाशाळांचें एक विज्ञानप्रदर्शन होतें. आमच्या मुलांनीं अकोला जिल्ह्याची चित्रमय ओळख तयार केली होती: अकोला, अकोट, तेल्हारा, बाळापूर, पातूर, मूर्तिजापूर व बार्शीटाकळी हे सात तालुके, प्रत्येकाचें एक चित्र. नरनाळ्याचा किल्ला, बाळापूरची छत्री, सर्व मुलांनीं स्वतः हिंडून टिपलेलें. येथें शाळेंत विंडोज प्रणालीवर सर्व चित्रें उत्तम दिसत. प्रदर्शनांत जो संगणक मिळाला तो लिनक्स प्रणालीचा. परीक्षक समोर उभे, आणि सातांपैकीं तीन चित्रांच्या जागीं रिकामे चौकोन! विंडोज फायलीच्या नांवांत मोठें-लहान अक्षर जसें लिहिलें तसें जतन करतें, परंतु शोधतांना सहसा भेद मानीत नाहीं, लिनक्स मानतें. मुलांनीं कोठें 'अकोट' चें आद्याक्षर मोठें लिहिलें होतें, कोठें लहान. दोष मुलांचा कीं त्यांस एकाच यंत्रावर तपासून घ्या म्हणणाऱ्या शिक्षकांचा, ह्याचा निवाडा करावयास आम्ही कचरतों, कारण ते शिक्षक आम्हीच होतों. मुलें परततांना बडनेऱ्यापर्यंत एकमेकांशीं बोललीं नाहींत.

ह्या प्रसंगानंतर आमचें मत हळूहळू आजच्या ठिकाणीं आलें. भाषेनें सर्व कांहीं क्षमा करावें, असें आम्ही म्हणत नाहीं. तसें करणें दिसतें तितकें सोपेंही नाहीं. इंग्रजींत मोठ्या 'आय्' चें लहान रूप टिंबाचें. तुर्की भाषेंत बिनटिंबाचें, आणि टिंबाचें मोठें अक्षर तेथें निराळेंच आहे. कोणत्या देशाचा नियम यंत्रानें लावावा? एका भाषेस जें थोरलें-धाकटें, तें दुसरीस परकें. म्हणून भिन्न लिहिलेलीं नांवें गुपचूप एक मानणें धोक्याचें आहे. परंतु केवळ अक्षराच्या उंचीनें भिन्न असलेलीं दोन नांवें एकाच आज्ञावलींत सुखानें नांदूं देणें, हें आम्हांस तितकेंच धोक्याचें वाटतें. तेव्हां भाषेनें अशा जोडीस साफ नकार द्यावा: एक नांव एकदां जसें लिहिलें तसेंच अखेरपर्यंत लिहिलें पाहिजे, आणि त्याच्या उच्चाराचें दुसरें नांव ठेवतां येऊं नये. हा नियम लावतांना तुर्की 'आय्' सारख्या ठिकाणीं यंत्राची चूक झालीच, तर एखादें निर्दोष नांव नाकारलें जाईल. लिहिणारा कुरकुर करील व दुसरें नांव ठेवील. सदोष नांव मात्र स्वीकारलें जाणार नाहीं.

जावा शिकलेले आमचे मोठे विद्यार्थी येथें हरकत घेतील, हें आम्ही जाणतों. वर्गाचें नांव मोठ्या अक्षरानें व त्यांतील एका वस्तूचें तेंच नांव लहान अक्षरानें, ही त्या भाषेंतील नित्याची चाल आहे. आणि 'गो' ह्या भाषेंत तर नांवाचें आद्याक्षर मोठें असल्यास तें बाहेरच्यांस खुलें, लहान असल्यास घरापुरतें, असा व्याकरणाचाच नियम आहे. आद्याक्षरानें जात दाखवावी, ह्यास आमची ना नाहीं. तेवढ्या एकाच खुणेवर दोन नांवें वेगळीं ठेवूं नयेत, इतकेंच म्हणणें. आमच्या जुन्या घरांत नातवास आजोबांचें नांव ठेवीत. परंतु सासऱ्याचें नांव सुनेनें उच्चारावयाचें नाहीं, म्हणून मुलास 'बापू' नाहीं तर 'नाना' म्हणत. अडचण एका रूढीची होती, पण व्यवस्था शहाणपणाची होती: अंगणांतून हांक मारली म्हणजे दोघे उठून येत नसत.

दुसरी अपेक्षा अशी कीं, यंत्रानें नुसतें 'असें नांव नाहीं' म्हणून मुलास परत लावूं नये. पायथॉनच्या २०२१ सालच्या ३.१० ह्या आवृत्तीपासून यंत्र जवळचें नांव शोधून 'तुम्हांस अमुक म्हणावयाचें होतें काय?' असें विचारूं लागलें आहे. आमच्या संगणकांवर तेव्हां जुनी आवृत्ति होती. नवी असती, तर दर्यापूरच्या त्या मुलाचा अर्धा तास वांचला असता. कदाचित् ती मुद्राही आम्हांस पाहावी लागली नसती.

पालकांस वाटेल कीं हा सर्व संगणकवाल्यांचा घरगुती तंटा. तसें नाहीं. शाळेच्या दाखल्यावर नांवाचें एक लेखन, गुणपत्रिकेवर दुसरें, शेतीच्या कागदावर तिसरें. मग दोन्ही नांवें एकाच व्यक्तीचीं असल्याचें प्रतिज्ञापत्र करा, हा अनुभव किती घरांस आहे! पूर्वीं समोरचा कारकून चेहरा पाहून कधीं मानीत असे, कधीं अडवीत असे. आतां नांवांची जुळणी यंत्र करतें, आणि त्यास कोणत्या दोन लेखनांस एक मानावें हें शिकविणारा कोणीतरी आमच्याच वर्गांतून बसून गेलेला असेल. त्यास ह्या प्रश्नाची जाण वर्गांतच आली पाहिजे.

राहतां राहिली परीक्षा. आज्ञावली कागदावर हातानें लिहावयास लावणें ही चाल अजून गेलेली नाहीं. इंग्रजी सी, ओ, एस्, व्ही, डब्ल्यू, एक्स्, झेड् ह्या अक्षरांचीं मोठीं व लहान रूपें एकाच आकाराचीं. घाईंत लिहिणाऱ्या चौदा वर्षांच्या मुलाच्या हस्ताक्षरांत त्यांची उंची कोण मोजणार? आजपर्यंत आम्हीं ती मोजली आहे, आणि गुण कापले आहेत. त्यांत कित्येकदां अन्याय झाला असेल. येत्या सहामाहीपासून आमच्या वर्गांत लेखी उत्तरांत केवळ अक्षराच्या उंचीवरून गुण जाणार नाहींत. प्रात्यक्षिकांत यंत्र अडेल तेथें अडूं द्यावें, आणि चूक शोधण्यास विद्यार्थ्यास दहा मिनिटें जास्त द्यावीं, असें मुख्याध्यापकांच्या संमतीनें ठरलें आहे. शिवाय प्रत्येक संगणकाजवळ एक पाटी टांगली आहे: नांवें लहान अक्षरांत लिहावीं, दोन शब्दांमध्यें खालची रेघ द्यावी, आणि 'वऱ्हाड' टंकित करावयाचें असल्यास प्रथम विचारावें. ह्या व्यवस्थेविषयीं पालकांस कांहीं सुचवावयाचें असल्यास त्यांनीं दिवाळीनंतरच्या पालकसभेंत अवश्य सांगावें.